दोन टाक्या, एक वही

वहीतील त्या दिवसाची नोंद एका ओळीची आहे: ‘टेट्रांची तोंडे फिकी.’ रमीनोज टेट्रा हा बोटाच्या दोन पेरांएवढा चंदेरी मासा असून त्याचे तोंड लाल शाईत बुडवून काढल्यासारखे दिसते. पाणी बिघडले किंवा मासा घाबरला की ही लाली झपाट्याने उतरते. त्या सकाळी मी दिवा लावला, तेव्हा चौदाही मासे हीटरच्या मागे दाटीवाटीने उभे होते, त्यांची तोंडे पांढुरकी पडली होती आणि कल्ले नेहमीपेक्षा भरभर हलत होते. माझा हात सवयीने औषधांच्या डब्याकडे गेला. सुदैवाने डबा उघडण्याआधी मी वहीचे मागचे पान उघडले. तीन दिवसांपूर्वीची नोंद माझ्याच अक्षरात होती: ‘फिल्टर फारच घाण झाला होता. स्पंज नळाखाली अगदी नव्यासारखा होईपर्यंत धुतला.’

माशांना कोणताही रोग झालेला नव्हता. त्यांचे पाणी शुद्ध ठेवणारे जीवाणू मी नळातील क्लोरिनने मारले होते.

माझ्या घरी दोन टाक्या आहेत. गोड्या पाण्याची टाकी १८० लिटरची असून तिच्यात हे टेट्रा, तळाशी वाळू चाळत फिरणारे आठ कोरीडोरास आणि पर्ल गुरामीची एक जोडी राहते. खाऱ्या पाण्याची टाकी ३०० लिटरची आहे. तिच्यात क्लाउनफिशची जोडी, एक रॉयल ग्रामा, कोरल ब्युटी नावाचा एक निळा-केशरी मासा, दोन क्लीनर कोळंब्या आणि थोडी मऊ प्रवाळे आहेत. दोन्हींच्या मध्ये भिंतीतील खिळ्याला दोनशे पानी वही दोरीने बांधलेली आहे आणि ओल्या हातांनी तिच्या कडा फुगल्या आहेत. पाण्याचे रोजचे तापमान, आठवड्याच्या चाचण्यांचे आकडे, किती पाणी बदलले, कोणता नवा जीव आणला आणि आज टाकीला हात लावून नेमके काय केले, एवढेच तिच्यात लिहिले जाते. या छंदातील माझ्या चुका तपासून पाहिल्या, तर औषध द्यायला उशीर केल्याच्या चुका थोड्या आणि घाईने दिल्याच्या चुका पुष्कळ निघतात. माशाच्या अंगावर आज दिसणाऱ्या लक्षणाचे कारण बहुधा दोन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत मागे असते, आणि ते शोधल्याशिवाय बाटलीचे बूच काढायचे नाही, हा नियम मला या वहीमुळेच पाळता येतो.

स्पंजाच्या प्रकरणात नेमके काय घडले, हे जरा सविस्तर सांगायला हवे, कारण गोड्या आणि खाऱ्या दोन्ही टाक्यांचे आरोग्य याच एका यंत्रणेवर उभे आहे. मासा आपल्या शरीरातील नायट्रोजनचा बहुतांश निचरा कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने करतो. त्यात विष्ठा आणि न खाल्लेले अन्न कुजून तयार होणाऱ्या अमोनियाची भर पडते. नायट्रोसोमोनाससारखे जीवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात आणि नायट्रोस्पिरासारखे जीवाणू त्या नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जीवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते स्पंज, वाळू, दगड अशा पृष्ठभागांवर बुळबुळीत थर करून राहतात आणि त्यांची वाढ इतर जीवाणूंच्या मानाने फार संथ असते. म्हणूनच नवी टाकी सायकल व्हायला, म्हणजे तिच्यात हे जीवाणू पुरेसे वाढायला, साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात, आणि म्हणूनच स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, दोन-तीन वेळा पिळून, गाळ सुटेल इतकाच. धुतल्यावरही तो मळकट तपकिरी दिसला पाहिजे.

१८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने सोनमासे, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून केलेल्या निरीक्षणांचा अहवाल प्रसिद्ध केला. वनस्पती प्राणवायू देतात, मासे तो वापरतात, गोगलगायी कुजकी पाने खातात आणि असा समतोल साधला जातो, हे त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. मात्र त्या भांड्यातील अदृश्य कामगारांचा त्या काळी कोणालाच पत्ता नव्हता. अमोनियाचे रूपांतर दोन टप्प्यांत आणि दोन वेगळ्या जीवाणूगटांकडून होते, हे सेर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास दाखवून दिले. ‘चार वनस्पती लावल्या, दोन गोगलगायी सोडल्या की टाकी आपोआप चालते’ ही समजूत आजही ऐकू येते, तेव्हा ती त्या चाळीस वर्षांच्या फटीतून आल्यासारखी वाटते.

तर त्या सकाळी अमोनियाची चाचणी केली. परीक्षानळीतील पाण्याचा रंग पिवळा राहायला हवा होता, तो पाच मिनिटांत पोपटी झाला आणि तक्त्यावरील १ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या चौकटीशी जुळला. मी ४० टक्के पाणी बदलले, नव्या पाण्यात क्लोरिन आणि क्लोरामिन दोन्ही निष्प्रभ करणारे द्रावण आधीच मिसळले, दोन दिवस अन्न पूर्ण बंद ठेवले आणि एका मैत्रिणीच्या निरोगी टाकीतील जुन्या स्पंजाचा तुकडा ओला असतानाच आणून माझ्या फिल्टरमध्ये बसवला. क्लोरिन आणि क्लोरामिन यांतील फरक येथे महत्त्वाचा आहे. क्लोरिन पाणी उघडे ठेवल्यास उडून जातो. क्लोरामिन सहजासहजी उडत नाही आणि त्याचे विघटन केल्यावर मागे पुन्हा अमोनियाच उरतो. त्यामुळे बादली रात्रभर उघडी ठेवण्याची जुनी पद्धत कोणत्याही पाण्याला चालेल, असे समजू नये.

सातव्या दिवशी अमोनिया उतरला आणि नायट्राइट चढले. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरते आणि हिमोग्लोबिनचे अशा रूपात परिवर्तन करते की त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. पाण्यात प्राणवायू भरपूर असला तरी मासा गुदमरतो आणि त्याचे रक्त तपकिरी होते. यावरचा उपाय मात्र स्वयंपाकघरात सापडतो. कल्ल्यांतील ज्या मार्गाने नायट्राइट आत जाते, त्याच मार्गाने क्लोराइडही जाते, त्यामुळे पाण्यात क्लोराइड वाढवले की नायट्राइटला वाट मिळणे अवघड होते. लिटरला ०.१ ग्रॅम, म्हणजे माझ्या टाकीला अवघे १८ ग्रॅम साधे मीठ विरघळवून घातले, की सुमारे ६० मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोराइड मिळते. मिठाच्या बाबतीत नाजूक समजल्या जाणाऱ्या कोरीडोरासांनाही इतक्या मात्रेचा त्रास झाला नाही. सोळाव्या दिवशी दोन्ही आकडे शून्यावर आले. दोन टेट्रा तेवढे वाचले नाहीत.

दोन टाक्या शेजारी असल्याचा फायदा असा, की एकच विष दोन ठिकाणी किती वेगळे वागते ते दिसते. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असतेच, त्यामुळे गोड्या पाण्यात माशांचा जीव घेणारी नायट्राइटची पातळी तिथल्या माशांना सहसा जाणवतही नाही. अमोनियाचे नेमके उलट आहे. पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो: मुक्त अमोनिया, जो विषारी आहे, आणि अमोनियम, ज्याचा धोका फारच कमी आहे. त्यांचे प्रमाण पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे हे सांगणाऱ्या आकड्यावर ठरते; आकडा जितका कमी, तितके पाणी आम्लधर्मी. २५ अंश सेल्सियसला गोड्या पाण्यात पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का मुक्त रूपात असतो; पीएच ८ झाला की तोच वाटा ५ टक्क्यांच्या आसपास जातो. खाऱ्या टाकीचा पीएच ८.१ ते ८.३ ठेवावा लागत असल्याने तिथे अमोनियाची थोडीशी मात्राही दुर्लक्षून चालत नाही. चाचणीचा एकच आकडा दोन्ही टाक्यांसाठी वाचताना मी म्हणून शेजारी पीएच लिहिल्याशिवाय पुढे जात नाही.

हाच विरोध माशाच्या शरीरातही आहे. गोड्या पाण्यातील माशाचे रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असते, त्यामुळे पाणी त्वचेतून आणि कल्ल्यांतून सतत आत झिरपते. तो जवळजवळ पाणी पीतच नाही आणि दिवसभर पातळ मूत्र बाहेर टाकत राहतो. समुद्री माशाचे रक्त समुद्रापेक्षा पुष्कळ कमी खारट, त्यामुळे त्याच्या शरीरातून पाणी बाहेर खेचले जाते. तो समुद्राचे पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतील विशिष्ट पेशींवाटे परत बाहेर टाकतो. म्हणजे एक मासा आयुष्यभर बुडण्याशी झुंजत असतो आणि दुसरा वाळण्याशी. कल्ले जळले, अंगावरील चिकट आवरण निघाले किंवा मूत्रपिंड निकामी झाले, की ही झुंज हरायला सुरुवात होते. गोड्या पाण्यातील मासा फुगून त्याचे खवले पाइनच्या बोंडासारखे उभे राहतात, तेव्हा ते मूत्रपिंडाचे काम थांबत आल्याचे लक्षण असते, आणि त्या अवस्थेतून मासा परतल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. जाळी कोरडी वापरू नये, हाताने मासा पकडू नये, या सूचना म्हणूनच क्षुल्लक नाहीत.

पाण्याच्या खारेपणाची माझी सर्वांत मोठी फजिती एका प्रवासात झाली. नऊ दिवसांसाठी मी बाहेर गेले होते आणि टाकी मावसभावाच्या हवाली केली होती. बाष्पीभवनाने रोज चारेक लिटर पाणी कमी होते. तेवढे भरायचे, म्हणून काचेवर मी चिकटपट्टीची खूण करून ठेवली होती. कोणत्या पिंपातले पाणी घालायचे, हे मात्र सांगायला विसरले. परत आले तेव्हा प्रवाळे मिटलेली होती आणि क्लाउनफिश एका कोपऱ्यात निपचित तरंगत होते. तो बिचारा म्हणाला, “ताई, रोज अगदी पट्टीपर्यंत भरलं, एक दिवस चुकवला नाही.” त्याने खरोखरच चुकवला नव्हता, फक्त त्याने पाणी बदलण्यासाठी तयार ठेवलेले खारे पाणी घातले होते. बाष्पीभवनाने पाणी उडते, मीठ मागे राहते, त्यामुळे घट नेहमी शुद्ध गोड्या पाण्याने भरावी लागते. नऊ दिवसांत ३६ लिटर, लिटरला ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे सव्वा किलो मीठ टाकीत जादा गेले होते आणि खारेपणा ३५ वरून ३९ च्या पुढे पोहोचला होता. मी तो रोज थोडे खारे पाणी काढून त्या जागी गोडे पाणी घालत पाच दिवसांत खाली आणला. उतरता खारेपणा मासे बऱ्यापैकी सहन करतात. चढता खारेपणा त्यांना अधिक जड जातो. त्यानंतर दोन्ही पिंपांवर रंगाने मोठ्या अक्षरांत ‘गोडे’ आणि ‘खारे’ असे लिहिले आहे.

खारेपणा मोजण्याच्या साधनाविषयी एक सूचना. काट्याच्या हायड्रोमीटरमध्ये काट्याला हवेचा एखादा बुडबुडा चिकटला, तरी काटा वर उचलला जातो आणि आकडा खोटा येतो. मी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्यात प्रकाश किती वाकतो त्यावरून खारेपणा दाखवणारे साधन, वापरते आणि महिन्यातून एकदा तो ३५ च्या प्रमाणित द्रावणावर तपासते. समुद्राची ही पातळी २५ अंशांना साधारण १.०२६ या विशिष्ट गुरुत्वाशी जुळते.

आता पांढऱ्या ठिपक्यांविषयी. कोरल ब्युटीच्या आधी माझ्याकडे त्याच जातीचा दुसरा एक मासा होता. विकत घेतला त्या दिवशी तो इतका तेजस्वी आणि खादाड होता, की मी त्याला वेगळे न ठेवता थेट मुख्य टाकीत सोडले. बाराव्या दिवशी त्याच्या परांवर मिठाचे कण शिंपडल्यासारखे सहा-सात ठिपके दिसले. पंधराव्या दिवशी ते नाहीसे झाले आणि मी वहीत ‘बरा झाला’ असे लिहून खाली रेघ मारली. चोविसाव्या दिवशी ठिपके मोजण्यापलीकडे होते, आणि ते क्लाउनफिशवरही आले होते.

ती रेघ मी अजून खोडलेली नाही. ठिपके नाहीसे होणे हे बरे होण्याचे लक्षण नसून या परजीवीच्या आयुष्यातील एक नेहमीचा टप्पा आहे. गोड्या पाण्यात इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस आणि खाऱ्या पाण्यात क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स हे दोन एकपेशीय जीव नात्याने दूरचे असले, तरी त्यांची रीत सारखी आहे. ते माशाच्या त्वचेच्या आत राहून पोसतात, मोठे झाले की माशाला सोडून तळाशी जातात, तिथे आवरण करून आत शेकडो पिल्लांत विभागतात, आणि ती पिल्ले पोहत नवा मासा शोधतात. त्वचेखाली असताना आणि आवरणात असताना औषध त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. ते मरतात ते फक्त पोहण्याच्या अवस्थेत. त्यामुळे ठिपके दिसेनासे झाले की औषध थांबवणारा माणूस नेमका पुढच्या पिढीच्या स्वागताची तयारी करत असतो.

पुढचा भाग दोन्ही पाण्यांत वेगळा आहे. गोड्या पाण्यातील परजीवीचे हे चक्र २५ अंशांच्या आसपास आठवड्याच्या आत पूर्ण होते आणि पोहणाऱ्या पिल्लाला सुमारे दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ते मरते. तापमान हळूहळू २८ ते ३० अंशांपर्यंत नेले की चक्र वेगाने फिरते आणि औषधाच्या तावडीत लवकर येते. माशांना ते तापमान सोसते का हे आधी पाहावे आणि हवेचा पंप वाढवावा. शेवटचा ठिपका गेल्यावरही मी काही दिवस उपचार चालू ठेवते. खाऱ्या पाण्यातील परजीवी मात्र चिवट आहे. त्याच्या आवरणातून पिल्ले बाहेर पडायला तीन दिवसही लागतात आणि क्वचित दहा आठवडेही. म्हणूनच बाधित टाकी ७६ दिवस माशांविना ठेवण्याची पद्धत रूढ झाली आहे. तांब्याचे औषध त्यावर चालते, परंतु कोळंबी, प्रवाळ, गोगलगाय यांना ते विष आहे, शिवाय दगड आणि वाळू तांबे शोषून घेतात आणि मात्रा हातात राहत नाही. म्हणून मुख्य टाकीत तांबे कधीच घालायचे नसते. मी सर्व मासे ६० लिटरच्या उघड्या-बोडक्या टाकीत हलवले, लपण्यासाठी प्लास्टिकच्या नळ्यांचे तुकडे टाकले आणि रोज तांब्याची चाचणी केली. माझ्या औषधातील तांबे आयनरूप होते आणि त्याची उपयुक्त पातळी लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम एवढ्या अरुंद पट्ट्यात असते. खाली गेली तर परजीवी जगतो, वर गेली तर मासा मरतो. बांधीव रूपातील तांब्याच्या औषधांची पातळी वेगळी असते, त्यामुळे हा आकडा कोणत्याही बाटलीला लावू नये. क्लाउनफिश वाचले. तो कोरल ब्युटी नवव्या दिवशी गेला. ७६ दिवस मी कोळंब्या आणि प्रवाळे असलेली, पण एकही मासा नसलेली टाकी रोज न्याहाळत होते, आणि खरे सांगायचे तर त्या अकरा आठवड्यांत दगडांवर जेवढे बारीक जीव फिरताना दिसले तेवढे एरवी कधी दिसले नव्हते.

मागची पाने चाळण्याच्या माझ्या नियमाला एक मोठा अपवाद आहे. खाऱ्या टाकीतील मासा पंपाच्या प्रवाहात तोंड देऊन उभा राहिला, उजेड टाळू लागला, खाणे सोडले आणि धापा टाकू लागला, पण अंगावर ठिपके दिसत नसले, तर मखमल रोगाची शंका घ्यावी. अमायलुडिनियम हा परजीवी आधी कल्ल्यांवर बसतो, आणि अंगावर पिठासारखी बारीक धूळ दिसेपर्यंत पुष्कळदा मासा हातचा गेलेला असतो. तिथे दोन दिवस वही वाचत बसणे म्हणजे दोन दिवस गमावणे. मासे त्याच दिवशी उपचाराच्या टाकीत गेले पाहिजेत.

याउलट ज्या ठिकाणी घाई नडते, त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे तोंडाला आलेला ‘कापूस’. माशाच्या ओठांवर पांढरा पुंजका दिसला की आपण त्याला बुरशी म्हणतो, बुरशीचे औषध घालतो आणि ठिपक्यांच्या उपचाराची आठवण ठेवून तापमानही चढवतो. तो पुंजका पुष्कळदा फ्लॅव्होबॅक्टेरियम कॉलम्नेअर या जीवाणूचा असतो आणि तो जीवाणू उबदार पाण्यात अधिकच जोमाने वाढतो. म्हणजे एका रोगाचा उपाय दुसऱ्याचे खतपाणी होतो.

वहीतील सर्वांत शिकवणारे पान मात्र कोणत्याही रोगाचे नाही. जुन्या गोड्या टाकीत मी पीएच महिन्यातून एकदाच लिहीत असे: ७.२, ७.०, ६.६, ६.०. प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा थोडाच कमी असल्याने एकेकटा पाहिला तेव्हा कशाचीच शंका आली नाही. मासे ठणठणीत होते. फक्त नवा आणलेला मासा दोन दिवसांत मरत होता आणि मी दोष विकणाऱ्याला देत होते. चारही आकडे एकाखाली एक लिहिले, तेव्हा उलगडा झाला. अमोनियाचे नायट्रेट होताना पाण्यातील कार्बोनेटचा साठा खर्च होतो. अमोनियारूपी नायट्रोजनच्या दर मिलिग्रॅममागे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबाने सुमारे ७ मिलिग्रॅम. पाणी पुरेसे बदलले नाही, की हा साठा, ज्याला आपण केएच म्हणतो, संपतो आणि पीएच घसरतो. पीएच ६ च्या आसपास जीवाणूंचे काम मंदावते, अमोनिया साचतो, पण आम्लधर्मी पाण्यात तो अमोनियमच्या रूपात असल्याने जुन्या माशांना सोसतो. अशा टाकीत घाबरून अर्धे पाणी बदलले, तर नव्या पाण्याने पीएच एकदम वर जातो, साचलेल्या अमोनियमचा मुक्त अमोनिया होतो, आणि स्वच्छ पाण्यात मासे पटापट मरतात. मी दोन आठवडे रोज १० टक्केच पाणी बदलले, आणि तेव्हापासून केएच दर रविवारी मोजला जातो.

प्राणवायूविषयी थोडक्यात. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरला जास्तीत जास्त ८ मिलिग्रॅमच्या थोडा वर प्राणवायू मुरतो. खाऱ्या पाण्यात तो पावणेसातच्या आसपास थांबतो, आणि तापमान वाढेल तसा दोन्हीकडे कमी होतो, तर माशाची गरज त्याच वेळी वाढते. पृष्ठभाग सतत हलता ठेवणे हा यावरचा खरा उपाय आहे. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर तो इशारा समजावा. मात्र गुरामी वर येऊन हवा घेते ती तिच्या खास श्वसनेंद्रियासाठी आणि कोरीडोरास मधूनच वर झेप घेतो तोही आतड्यातून हवा शोषण्यासाठी, त्याला आजार समजू नये. वीज जाऊन बंद डब्याचा (कॅनिस्टर) फिल्टर काही तास थांबला, तर आतील पाणी सडलेले असते. तो तसाच चालू न करता आधी ते पाणी ओतून टाकावे.

अन्नाच्या बाबतीत माझे मत सरळ आहे: घरच्या टाकीतील मासा उपाशी मरण्यापेक्षा जादा खाण्याने मरण्याची शक्यता जास्त असते. दोन मिनिटांत संपेल एवढेच दिवसातून दोनदा घालावे आणि आठवड्यातून एक दिवस काहीही घालू नये. डबा लहान घ्यावा, कारण उघडलेल्या अन्नातील क जीवनसत्त्व लवकर उतरते. आताच्या कोरल ब्युटीला मी दगडाला रबराने बांधून समुद्री शेवाळाचा कागद देते. तो त्याचा लचका तोडताना जो आवाज करतो, तो काचेबाहेर ऐकू येतो. उलट मँडरिन माशासारखा दिवसभर बारीक जीव टिपत फिरणारा मासा भरल्या टाकीतही उपाशी राहतो, आणि निव्वळ रंगावर भाळून तो आणू नये.

आणखी एक गोष्ट हातांची. बोटाला चिरा असताना टाकीत हात घालू नये. मायकोबॅक्टेरियम मरीनम या जीवाणूमुळे माणसाच्या त्वचेवर महिनोन्‌महिने न भरणाऱ्या गाठी येऊ शकतात. लांब हातमोजे वापरावेत, आणि नळीने पाणी काढताना तोंडाने ओढण्याची सवय सोडावी.

नवा कोणताही मासा आता आधी त्या ६० लिटरच्या बोडक्या टाकीत चार आठवडे राहतो. तिच्यासाठी लागणारा स्पंज मी खाऱ्या आणि गोड्या दोन्ही फिल्टरांत एकेक कायम ठेवून देते, म्हणजे कधीही काढून लावता येतो. जाळी, बादली आणि नळी वेगळी आहे, तिन्हींना लाल दोरा बांधलेला आहे. पिशवीतले पाणी टाकीत जात नाही. सध्या तिथे एक फायरफिश आहे. आज त्याचा विसावा दिवस. पहिले चार दिवस तो नळीच्या तुकड्यातून बाहेर आला नाही. पाचव्या दिवशी त्याने एक गोठवलेली कोळंबी वाहत्या पाण्यातून टिपली आणि पुन्हा आत गेला. काल सकाळी मला त्याच्या पाठीच्या उंच परावर एक पांढरा कण दिसला. वहीत लिहिले: ‘१९. कण एक, परावर. औषध नाही. उद्या पाहणे.’ आज सकाळी भिंग घेऊन पाहिले, तेव्हा तो कण परावर नव्हता. काचेच्या आतल्या बाजूला चिकटलेला हवेचा बुडबुडा होता. ओल्या फडक्याच्या टोकाने पुसला आणि वहीत ‘२०’ लिहिले.